ऊस आपला, दार एकच



लागण उरकली की कारखान्याचा चिटबॉय वही घेऊन बांधावर येतो. आपण चहा देतो, गट नंबर सांगतो आणि तो दाखवील तिथे सही करतो. हा ऊस दुसऱ्या कोणाला घालणार नाही, असे बहुधा त्या कागदात असते. कारखाना तो केव्हा तोडून नेणार, हे मात्र असतेच असे नाही. आज बोलायचे आहे ते या राहून गेलेल्या ओळीबद्दल.

एकालाच माल घालायचे बंधन आपल्या सातारा-सांगलीला नवे नाही. पन्नाशी ओलांडलेल्यांना झोनबंदी आठवत असेल. १९८४ च्या सरकारी आदेशाने कारखान्यांना क्षेत्र राखून दिले होते. ज्या हद्दीत शेत, त्याच कारखान्याला ऊस. आमच्या आबांचे सव्वा एकर हद्दीच्या अगदी कडेला होते. ओढ्यापलीकडच्या शेतकऱ्याला टनामागे जास्त पैसे मिळत आणि आबा तो फरक बोटांवर मोजत बसत. एका वर्षी मार्च सरला तरी टोळी आली नाही. तुरा येऊन गेला, कांडी आतून पोकळ पडली, वाढे म्हशीलाही नकोसे झाले. पलीकडचा मुकादम ऊस न्यायला तयार होता. पण ट्रॉली हलवायची म्हटले तर वाटेत माणसे बसलेली. आपला नेईना आणि दुसऱ्याला देऊ देईना! आई म्हणायची, "पोरीला स्थळ एकच, आणि ते तिथी काढीना."

तरी झोनबंदीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हद्दीतला ऊस गाळणे हे कारखान्याचेही काम समजले जाई, आणि त्याच हक्काने लोक चेअरमनला जाब विचारीत. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने झोनबंदीविरुद्ध आवाज उठवला आणि १९९७ मध्ये ती गेली. आता उसाला सरकारी हद्द नाही. उत्तर प्रदेशात मात्र ऊस आयुक्त अजूनही कारखानावार क्षेत्र राखून देतात.

आपल्याकडे हद्द गेली, पण कागद आला. स्पर्धा कायदा २००२ चा आहे. अमक्यालाच माल घाला, तमक्याला देऊ नका, अशा करारांमुळे बाजारातली चढाओढ लक्षणीय मारली जात असेल, तर ते त्याच्या तिसऱ्या कलमाखाली अवैध ठरतात. पूर्वी त्यात घेणाऱ्यावरच्या बंधनाचाच उल्लेख होता. २०२३ च्या दुरुस्तीने विकणाऱ्यावरचे बंधनही आले. पण म्हणून प्रत्येक ऊसकरार बेकायदा झाला, असे समजू नका. कारखान्यालाही गाळपाचा अंदाज हवा, टोळ्यांना आगाऊ उचल द्यावी लागते. शिवाय स्पर्धा आयोग बसतो दिल्लीत, आणि तुरा आलेला ऊस तारखांवर तारखा काढीत नाही.

तेव्हा इलाज बांधावरच करायचा. नोंदीच्या पावतीवर लागणीची तारीख, जात आणि क्षेत्र बरोबर लिहिले आहे का, ते तिथल्या तिथे पाहा. तोडीचा क्रम लागणीच्या तारखेवरून लागतो, त्यामुळे पंधरा दिवसांची चूक पुढे फार महागात जाते. सही करण्यापूर्वी विचारा: अमुक महिन्यापर्यंत तोड आली नाही तर मी मोकळा का? उत्तर होय असेल तर ते कागदावर घ्या. नुसत्या मानेच्या होकाराला काट्यावर वजन नसते. मुदत टळलीच तर कारखान्याच्या शेती अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तीच पोच जोडून प्रादेशिक साखर सहसंचालकांकडे जाता येते. साताऱ्याचे कार्यालय पुण्याला, सांगलीचे कोल्हापूरला. हे कागद घरातल्या बाईच्या ताब्यात द्यावेत, असे माझे आपले मत. बंडीच्या खिशातली पोच पहिल्या धुण्यातच जाते.

सहकारी कारखान्याचे सभासद असाल तर पोटनियमांचे बंधन निराळे. तिथे हा प्रश्न वार्षिक सभेला लेखी द्यावा. त्याची मुदत सभेच्या नोटिशीत पाहा. हारतुऱ्यांच्या फोटोंमागे, अगदी बारीक अक्षरात सापडेल.