इतर म्हणजे कोण?

२१ ऑक्टोबर २०१९, सोमवार. सकाळी घणसोलीतल्या शाळेत रांग लावून विधानसभेचं मत दिलं, दुपारी पडदे ओढून झोप काढली आणि रात्री बोटावरची शाई मिरवत महापेला कामावर गेलो. राज्याला मतदानाची सुट्टी होती, पण आमचं गिऱ्हाईक साता समुद्रापलीकडचं. त्याला ऐरोली मतदारसंघाशी काय देणंघेणं! शेअर रिक्षावाल्यानंही मिलेनियम बिझनेस पार्कच्या फाटकाशी सोडताना विचारलं, "आज पण ड्युटी?"

गंमत म्हणजे त्याच तारखेला कॅनडातही संसदेसाठी मतदान होतं. आपल्याकडे २८८ जागा, तिथे ३३८. आपली मतं २४ तारखेपर्यंत यंत्रांत कुलूपबंद राहणार होती. त्यांची मतं कागदावर पेन्सिलीनं खूण केलेली, आणि मतदान संपलं की त्याच रात्री हातानं मोजायची. न्यूफाउंडलंडमधली केंद्रं बंद झाली तेव्हा महापेत पहाटेचे साडेचार वाजले होते. मी मराठी विकिपीडियावरच्या माझ्या धूळपाटीवर रिकामा तक्ता मांडून बसलो होतो. पक्ष, नेता, मतं, टक्के, जागा.

हा नाद मला लावला मास्तरांनी. त्यांच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

आमचं काम तक्त्यांचंच होतं. परदेशी प्रकाशकांचे अहवाल, जुनी पुस्तकं, सरकारी आकडेवारी पीडीएफमध्ये यायची. ती फोडून, रकान्यांत बसवून, तपासून पहाटेपर्यंत परत पाठवायची. मी लातूरहून आलेला, बी.कॉम. झालेला, कंत्राटावरचा. मास्तर तपासनीस. मूळचे कुडाळच्या बाजूचे. कचेरीत कोणी त्यांना नावानं हाक मारत नसे. ऐन तारुण्यात ते गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. संगणकावर जुळणी सुरू झाली, शिशाचे खिळे भंगारात गेले, आणि मास्तर खाडी ओलांडून नवी मुंबईत आले. माउस धरायला ते पस्तिशीनंतर शिकले, पण चुकीचा आकडा त्यांना पानभर मजकुरातून, डाळीतल्या खड्यासारखा, आधी दिसायचा.

दोन फाइलींच्या मधे अर्धा-पाऊण तास मोकळा मिळे. बाकीचे खाली भुर्जी-पावच्या गाडीवर जात. मास्तर डब्यातली भाकरी खात आणि मोबाइलवर विकिपीडियात काहीतरी दुरुस्त करत. कुठे वेलांटी, कुठे सनावळी. मी एकदा विचारलं, "मास्तर, याचे पैसे मिळतात?" ते म्हणाले, "झिला, पैशे मिळतत त्या कामात चुको होतत तेवढे पुरे."

मराठी विकिपीडिया सुरू झाला तो २००३ सालच्या १ मे रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी. तिथले शब्द मला पहिल्या दिवसापासून आवडले. सरावाच्या पानाला धूळपाटी म्हणतात. पाटी-पेन्सिल येण्याआधी पोरं फळीवर धूळ पसरून बोटानं अक्षर गिरवत, ती ही. सगळ्यांनी मिळून बोलायच्या जागेला चावडी. नेमून दिलेलं काम न कंटाळता करणाऱ्या संगणकी प्रणालीला सांगकाम्या. आणि एकदा घडवून हजार पानांवर वापरता येणाऱ्या तयार चौकटीला साचा. हा शब्द मास्तरांचा विशेष लाडका, कारण खिळे ओतायचे तेही साच्यातच.

निवडणुकीचा तक्ता बांधणं वाटतं तितकं सोपं नाही. महिरपी कंस उघडायचा, त्याला चिकटून उभी दांडी. मग प्रत्येक ओळीआधी दांडी आणि आडवी रेघ, प्रत्येक घरापुढे दांडी, शेवटी दांडी आणि कंस बंद. मधल्या एखाद्या दांडीनं दांडी मारली की सगळा तक्ता गडगडतो. उमेदवार मतांच्या रकान्यात जातो, मतं पक्षाच्या. मी पहिल्यांदा रिकामी घरं तशीच सोडून दिली होती. जिथे आकडा नाही तिथे दांडी कशाला, असा माझा हिशेब. अख्खी ओळ डावीकडे सरकली. मास्तरांनी झलक पाहिली आणि छापखान्यातली गोष्ट सांगितली. शिशाच्या जुळणीत रिकामी जागा म्हणजे खरोखरची पोकळी नसते. तिथेही शिशाचा कोरा तुकडा बसवावा लागतो, अक्षरापेक्षा जरा बुटका, म्हणजे शाई लागत नाही. तो घातला नाही तर शेजारचे खिळे हलतात, आणि फर्मा उचलला की सगळं पान जमिनीवर. "कागदावर कोरा दिसता तेचाय वजन आसता," ते म्हणाले. तेव्हापासून माझ्या हातून रिकाम्या घराची दांडी सुटलेली नाही.

त्यांच्या मते जुळाऱ्याची खरी परीक्षा पंचांगात. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण. बोटभर रुंदीचे रकाने आणि त्यांत घटी-पळांचे आकडे. एक खिळा उलटसुलट झाला तर कुणाचं लग्न भलत्याच वेळी लागायचं. १८३१ साली गणपत कृष्णाजींनी पहिलं मराठी पंचांग छापलं तेव्हापासून आपण तक्तेवाले आहोत, असं ते अशा थाटात सांगत, की जणू त्या छापखान्यात तेही उभे होते.

तर कॅनडाचा तक्ता. पहाटे आकडे नुसते हलताना दिसले. ब्रिटिश कोलंबियातली केंद्रं बंद व्हायला आपल्याकडचे साडेसात वाजले, तोवर आमची घरी सोडणारी गाडी निघाली होती. तक्ता भरला तो दुसऱ्या रात्री. प्रत्येक पक्षाला त्याचा रंग द्यायचा असतो. लिबरल लाल, कॉन्झर्व्हेटिव्ह निळा, तेव्हा जगमीत सिंग नेते असलेल्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचा नारिंगी. चहा घेऊन आलेला पोऱ्या माझ्या पडद्याकडे बघत थबकला आणि म्हणाला, "भगव्याच्या चोवीसच?" कॅनडातला हा नारिंगी डावीकडे झुकलेल्यांचा आहे, हे त्याला समजावेपर्यंत चहावर साय धरली.

मग स्वल्पविरामांचा घोळ. तिकडे आकडे हजाराहजारानं तोडतात. मी ते तसेच उतरवले आणि नुसते देवनागरी केले. मास्तर म्हणाले, वाचणारा सांगलीतला आहे, त्याला लाख समजतात. म्हणून पुढे अंतिम आकडे आले तेव्हा ते असे लिहिले: कॉन्झर्व्हेटिव्ह ६२,३९,२२७ आणि लिबरल ६०,१८,७२८. स्वल्पविराम आपल्या जागी आल्याबरोबर गोष्टही दिसली. हरलेल्या पक्षाला जिंकलेल्यापेक्षा सव्वादोन लाखांच्या आसपास मतं जास्त होती, आणि जागा १२१ विरुद्ध १५७. ज्याला मतदारसंघात सर्वांत जास्त मतं तो निवडून येतो, ही त्यांची रीत आणि आपली रीत एकच. मतं कुठे पडली यावर सगळं अवलंबून.

जागा मी अशा मांडल्या. लिबरल १५७, कॉन्झर्व्हेटिव्ह १२१, ब्लॉक केबेक्वा ३२, न्यू डेमोक्रॅटिक २४, इतर ४. बेरीज ३३८. जुळली. मी खूश होऊन पान जतन केलं. थोड्या वेळानं माझ्या चर्चा पानावर संदेश. दोन खुर्च्या सोडून बसलेल्या माणसानं तो तोंडानं सांगितला नव्हता, पानावर लिहिला होता, म्हणजे नोंद राहावी. तीनच शब्द: "इतर म्हणजे कोण?"

मी शोधायला बसलो. चारांतले तीन ग्रीन पक्षाचे. चौथी एक अपक्ष बाई, जोडी विल्सन-रेबोल्ड. कॅनडाच्या कायदामंत्री झालेली पहिली आदिवासी व्यक्ती. एका बड्या कंपनीवरच्या खटल्यावरून तिचं पंतप्रधान ट्रूडो यांच्याशी बिनसलं, फेब्रुवारीत तिनं मंत्रिपद सोडलं, एप्रिलमध्ये पक्षानं तिला बाहेर काढलं, आणि ऑक्टोबरात ती व्हँकुव्हर ग्रॅनव्हिलमधून एकटीच्या बळावर निवडून आली. ३३८ जणांत एकटी अपक्ष. त्या निवडणुकीतली बहुधा सर्वांत मोठी गोष्ट मी चारच्या आकड्यात गाडून टाकली होती आणि वर बेरीज जुळली म्हणून खूश झालो होतो.

दोन दिवसांनी महाराष्ट्राचे निकाल लागले. भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. उरले २९. बोटं 'इतर'कडे वळली आणि तिथेच थांबली. त्या २९ जणांत १३ अपक्ष, बाकीचे मिळून अकरा लहान पक्षांतले. सगळे एकेका ओळीत लिहिले. पुढचा महिनाभर सरकार बनेना, तेव्हा वर्तमानपत्रांत रोज त्या २९ जणांपैकीच कुणाकुणाची नावं येत होती.

मास्तरांकडे याचा एक ठेवणीतला दाखला होता, त्यांच्या शेजारच्या जिल्ह्यापलीकडचा. २०१४ची लोकसभा, रायगड. अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांना २,११० मतांनी हरवलं. त्याच यादीत खाली आणखी एक सुनील तटकरे होते, अपक्ष, नावाचेच तेवढे सारखे. त्यांना ९,८४९ मतं पडली. "आता तू पहिले दोन लिहिलस आणि खाली इतर लिहिलस, तर वाचणाऱ्याक काय कळला?" वर पुन्हा म्हणाले, २०१३पासून यंत्रावर शेवटचं बटण 'वरीलपैकी कोणीही नाही' असं आहे. कोणीच नको म्हणणाऱ्याला जर स्वतःची ओळ मिळते, तर अनामत भरून उभ्या राहिलेल्या माणसाला का नको?

हे सगळं तक्त्यापुरतं आहे असं मी त्या दिवाळीपर्यंत समजत होतो. दिवाळीच्या मिठाईची यादी सूचनाफलकावर लागली. विभागवार नावं, आणि तळाशी 'इतर – ११'. त्या अकरांत मी होतो. चहावाला पोऱ्या होता, रात्रीचे दोन सुरक्षारक्षक होते, गाडीचे ड्रायव्हर होते. वाईट वाटावं इतकं ते नवीन नव्हतं. मी यादी वाचून जागेवर गेलो. मास्तर मात्र फलकापुढे उभे राहिले, खिशातलं लाल पेन काढलं, 'इतर'वर मुद्रितशोधकाची काट मारली आणि समासात एकाखाली एक अकरा नावं लिहिली. पोऱ्याला सगळे 'छोटू' म्हणत. त्याचं पूर्ण नाव आडनावासकट मास्तरांना ठाऊक होतं. मला ते त्या दिवशी समासात वाचून कळलं. फलकाला हात लावल्याबद्दल त्यांना वर बोलावलं गेलं. परत आले आणि म्हणाले, "प्रूफ दुरुस्त केलंय, असं सांगितलं."

२०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. आमचं काम थांबलं, मग घरून सुरू झालं, मग कमी झालं. मास्तर संधी मिळताच गावी गेले ते कायमचे. मी दुसरीकडे लागलो, कंत्राटातून सुटलो. आता माझं नाव यादीत वरच्या बाजूला असतं. फोन सणासुदीला. त्यांच्या वाडीत नेट येत नाही, तिठ्यावर यावं लागतं, त्यामुळे बोलणं तुटक.

२३ नोव्हेंबर २०२४. पुन्हा विधानसभेचा निकाल. आमच्या शेजारच्या बेलापुरात भाजपच्या मंदा म्हात्रे ९१,८५२ आणि राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे संदीप नाईक ९१,४७५. फरक ३७७. दहा वर्षांपूर्वी याच मतदारसंघात याच मंदाताईंनी संदीप यांचे वडील गणेश नाईक यांना १,४९१ मतांनी हरवलं होतं. दोन्ही निकाल शेजारी शेजारी मांडावेत म्हणून रात्री धूळपाटी उघडली. दोन ओळी भरल्या. डोळे मिटत होते. सकाळी उठून बाकीचं करू म्हणून खाली लिहिलं 'इतर', जतन केलं आणि झोपलो.

सकाळी पानाचा इतिहास उघडला तर मध्यरात्रीनंतरच्या नोंदींची रांग. एकेक उमेदवार, एकेक जतन. दोन नोंदींमध्ये कधी चार मिनिटं, कधी अकरा. नेट जात-येत असणार. तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचे, ज्यांची मतं ३७७च्या कितीतरी पट होती, तेही. तळाचे, ज्यांना त्यांच्या गल्लीबाहेर कुणी ओळखत नसेल, तेही. शेवटी 'वरीलपैकी कोणीही नाही'. एका घरात आकडा मिळाला नसावा. तिथे कोरी जागा ठेवून दांडी बरोबर घातलेली. बदलाच्या सारांशात एकच शब्द: बेरीज.

नोव्हेंबरची थंडी, मध्यरात्रीचा तिठा, साठी उलटलेला माणूस आणि हातातल्या मोबाइलवर बेलापूरची यादी. मी फोन लावला. बऱ्याच वेळानं उचलला.

"मास्तर, कशाला जागलात? मी सकाळी करणारच होतो."

पलीकडे कोंबडा आरवला. मास्तर खोकले, आणि म्हणाले, "सकाळपर्यंत ते इतरच रवतले काय रे?"