गंगापूर रोडवरचं विरजण

नाशिकला पाहुणे आले की रामकुंड, काळाराम, सीतागुंफा एका दिवसात उरकतं. दुसऱ्या दिवशी त्यांना कुठं न्यावं, हा प्रश्न आम्ही नाशिककर बायका बहुधा गंगापूर रोडवर सोडवतो. अशोक स्तंभापासून निघालेला हा रस्ता गोदावरीच्या वरच्या अंगाला, पश्चिमेकडे धरणाच्या दिशेनं जातो. आधी के. टी. एच. एम. महाविद्यालय, मग जेहान सर्कल, दोन्ही बाजूंना उंच इमारती नि दुकानं. मग आनंदवल्ली. राघोबादादांच्या आनंदीबाईंचं नाव या गावाला आहे. ‘ध’चा ‘मा’ केला एवढंच त्यांच्याबद्दल आपल्याला शाळेत कळतं. नदीकाठचं एक गाव त्यांचं नाव सांभाळून आहे हे कुणी सांगत नाही. पुढं सोमेश्वर. महादेवाचं दर्शन घ्यावं, पावसाळा असला तर धबधबा पाहावा, भाजलेलं कणीस खावं.

बहुतेकजण इथून परत फिरतात. मला मात्र खरा रस्ता इथून पुढं सुरू होतो असं वाटतं. गंगापूर गाव मागं पडलं की इमारती विरळ होतात नि हवा बदलते. गोवर्धनच्या शिवारात 1989 साली स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, त्याच्या आवारात शेतकऱ्यांसाठी कृषी विज्ञान केंद्र आहे. याच बाजूला सुलाचे द्राक्षमळे. तिथली वाइन 2000 साली पहिल्यांदा निघाली. आता शनिवार-रविवारी तिकडं मुंबईच्या गाड्यांची रांग असते. आणि मग धरण. 1965 साली पुरं झालेलं हे मातीचं धरण. आपल्या घरच्या नळाला येणारं पाणी बरंचसं इथलंच.

माझी मावसबहीण धरणाच्याही पुढं, गिरणाऱ्याच्या अलीकडं राहते. चार एकर द्राक्षबाग, थोडे टोमॅटो. मी तिला ताई म्हणते. द्राक्षाचं घर म्हणजे काय ते बाहेरच्याला कळत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि मग फेब्रुवारी-मार्चपर्यंत घरातल्या कुणालाही नीट झोप नाही. नोव्हेंबरात एका रात्री अवकाळी पाऊस आला नि पानं ओली राहिली की केवडा, म्हणजे हल्ली सगळे ज्याला डाऊनी म्हणतात तो, दोन-तीन दिवसांत घड काळे करून टाकतो. थंडी पडली की भुरी. बँकेचं कर्ज त्या घडांवर, मुलीचं शिक्षण त्या घडांवर. म्हणून फवारे. आणि गंमत अशी की शेतात त्या विषाला सगळे ‘औषध’च म्हणतात.

बागेत घडांची विरळणी, घड द्रावणात बुडवणं, काढणी ही कामं बहुतेक बायकाच करतात. पानापानाला हात लागतो तो त्यांचा. “दाजी ब्लोअरवर तोंडाला फडकं बांधून बसतात,” ताई म्हणाली, “पण दुसऱ्या दिवशी त्याच पानांत आम्हीच शिरतो ना गं.” तिच्या बोटांच्या पेरांवर भेगा आहेत. त्या कशानं, हे मी विचारलं नाही.

त्यात 2010 साली नाशिकच्या द्राक्षांवर मोठं संकट आलं होतं. क्लोरमेक्वाट नावाच्या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश युरोपात ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि पाठवलेला माल तिकडं अडकला. कित्येक बागाईतदार कर्जात गेले. तेव्हापासून काढणीच्या आधी किती दिवस काय मारायचं नाही, याचा हिशेब ताईच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला असतो, दुधाच्या हिशेबाशेजारी.

या वेळी गेले तर गोठ्यामागं आंब्याच्या सावलीत, ओल्या गोणपाटाखाली शेणखताचा ढीग झाकलेला. ताईनं गोणपाट उचललं. खतावर पांढरी नि हिरवट बुरशी धरलेली, पहिल्या पावसासारखा मातीचा वास. मी म्हटलं, “अगं, हे तर बुरसलं!” तर ती हसायला लागली. “बुरसायलाच ठेवलंय. आपण दह्याला विरजण लावतो की नाही, तसं.”

ही ट्रायकोडर्मा नावाची बुरशी. एक किलो भुकटी शंभर किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळायची, ओलावा राखायचा, सावलीत आठ-पंधरा दिवस ठेवायचं, मधूनमधून वरखाली करायचं. मग ते मुळांपाशी घालायचं. ही बुरशी भराभर वाढते, मुळाभोवतीची जागा आधीच अडवून बसते. मूळ कुजवणारी दुसरी बुरशी आली तर तिच्याभोवती वेटोळं घालते नि तिचं कवच विरघळवून तिलाच खाते. 1932 साली अमेरिकेत वाइंडलिंग नावाच्या शास्त्रज्ञानं हे पहिल्यांदा नीट मांडलं. वेलीवरच्या भुरीला खाणारीही एक बुरशी आहे, अॅम्पेलोमायसिस तिचं नाव. काढणी जवळ आली, रासायनिक फवारा चालेनासा झाला, की बागाईतदार अशांचा आधार घेतात.

ताईनं ओळींमधला ताग उपटून दाखवला. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी. नखानं एक फोडली तर आत गुलाबी. गुलाबी असेल तर गाठ कामाला लागलेली समजायची. तिच्यातले रायझोबियम जिवाणू हवेतलं नत्र पकडून झाडाला देतात, झाड त्यांना साखर देतं. हॉलंडच्या बायरिंकनं 1888 साली हे जिवाणू वेगळे करून दाखवले. मूग, हरभरा, भुईमूग पेरताना हेच गुळाच्या पाण्यात कालवून बियांना चोळतात आणि सावलीत सुकवतात. हरभऱ्याचं पाकीट भुईमुगाला चालत नाही. प्रत्येकाचा सोयरा ठरलेला.

पण सगळं या विरजणावर सोडता येतं असं मात्र नाही. भर पावसात केवडा आला तर ट्रायकोडर्मा बागेला वाचवत नाही. तेव्हा मोरचूद नि चुन्याचं बोर्डो लागतंच, किंवा त्याहून कडक काही. या बोर्डोचा गुण 1882 साली फ्रान्सात याच केवड्यावर ध्यानात आला होता. दाजींचं नि ताईचं भांडण नेमकं इथंच आहे. दाजी म्हणतात, एक रात्र चुकली तर वर्ष गेलं, मी धोका घेणार नाही. ताई म्हणते, रात्र पावसाची असेल तेव्हा मारा, पण रोजच्या भीतीनं मारू नका. जमीन मेली तर पुढची वर्षं कुठून आणणार? मला दोघांचंही पटतं, आणि कर्ज माझ्या नावावर नसल्यामुळं मी गप्प बसले. सध्या तडजोड अशी की चारातला एक एकर ताईच्या पद्धतीनं. यंदा त्या एकरात मूळकूज दिसली नाही, फवारेही कमी लागले. मात्र डाऊनीसाठी तिथंही दोनदा बोर्डो मारावं लागलं.

पाकिटांतही फसगत होते. एकदा एका दुकानातून आणलेलं पाकीट कित्येक महिने उन्हाच्या फळीवर पडलेलं होतं. आतले जीव केव्हाच मेलेले, उरली नुसती भुकटी. म्हणून ताई तारीख बघितल्याशिवाय पैसे देत नाही. पाकीट थंड, कोरड्या जागी ठेवायचं, पण घरच्या फ्रिजमध्ये पदार्थांशेजारी मुळीच नाही. बुरशीनाशकाच्या टाकीत ते मिसळायचं नाही. एका हातानं विरजण लावून दुसऱ्या हातानं दूध उकळायला ठेवण्यासारखंच ते.

आपल्या गॅलरीतही हे जमतं. मिरची-टोमॅटोची रोपं बुडाशी पिचून आडवी होतात ना, तो या बुरशीचाच प्रांत. बी पेरण्याआधी किलोला चार-पाच ग्रॅम या हिशेबानं, म्हणजे आपल्या मूठभर बियाण्याला चिमूटभर भुकटी चोळावी. कुंडीच्या मातीत पसाभर चांगलं शेणखत घालून त्यात चमचाभर मिसळावी. भुकटी नाकातोंडात जाऊ देऊ नये, हात साबणानं धुवावेत, आणि कुंडीत पाणी साचू देऊ नये. पाणी साचणाऱ्या कुंडीला ट्रायकोडर्माही काही करत नाही.

या रस्त्यानं जायचं तर जानेवारी-फेब्रुवारीत, सकाळी लवकर जा. मळ्यात शिरताना विचारा, कुणी नाही म्हणत नाही. मण्यांवरची पांढरी झिलई बघून “औषध दिसतंय” असं मात्र म्हणू नका. ती द्राक्षाची स्वतःची मेणासारखी लव असते. औषधाचे अंश डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून घरी आणल्यावर घड वाहत्या पाण्याखाली चांगले धुवा. आणि वेलीवरच्या घडाला बोट लावू नका. लव पुसली गेली की व्यापारी तेवढ्यावरून भाव पाडतो.