दाबाचा काटा

माझा नातू आता सोळा वर्षांचा आहे. अंगापिंडानं माझ्याएवढा झाला, पण बोलणं मोजून पाच-पंचवीस शब्दांचं. लहानपणी आमच्या धनजचे लोक म्हणत, "पोरगं मुकं दिसते, बाप्पा." कोणी अंगारा देई, कोणी गंडा बांधायला सांगे. सात वर्षांचा झाल्यावर डॉक्टरनं नाव सांगितलं, स्वमग्नता. मी दहावी शिकलेला माणूस, हा शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे जे २१ प्रकार आहेत त्यात तो आहे, हे मागून कळलं. पण पोरगं बिथरलं तर घरच्यानं काय करायचं, ते कायदा थोडाच सांगते?

२०२३ चा पोळा. तोरणाखाली बैल उभे होते. आमच्या बैलाचा कासरा नातवाच्या हातात. ढोल सुरू झाला, कोणीतरी फटाक्याची लड लावली. त्यानं कासरा सोडून कान दाबले, मनगटाला चावा घेतला आणि चिखलात लोळून किंचाळू लागला. सारं गाव पाहत होतं. म्या भर गर्दीत त्याच्या दोन ठेवून देल्या. तो आणखीनच किंचाळला.

रात्री त्याच्या मनगटावर दाताचे वण होते आणि गालावर माझी बोटं. पुरणपोळी घशाखाली उतरली नाही. बैल आवाजाला बुजला तर आपण त्याला मारत नाही. मानेवर हात फिरवतो, हळू बोलतो, बाजूला नेतो. चाळीस वर्षं बैलांसोबत काढून एवढं शिकलो, आणि नातवापुढं सारं विसरलो.

त्यानंतर शाळेत फिरतीवर येणाऱ्या विशेष शिक्षिका घरी आल्या. म्हणाल्या, "काका, हा हट्ट नाही. हट्ट करणारं पोरगं कोण पाहते ते पाहत राहते. याला त्या वेळी कोणीच दिसत नाही. तेव्हा शिकवाचं नाही, फक्त शांत जागी न्यायचं. शिकवाचं ते तो निवांत असतानी. आणि पहिले तुमचा आवाज खाली."

'राग आला का?' याचं उत्तर त्याला देता येत नव्हतं. पण वावरात ठिबकच्या फिल्टरजवळ तो तासन् तास बसे, दाबाच्या घड्याळाचा काटा पाहत. फिल्टर चोंदला की काटा चढतो. वेळेवर बायपासचा कॉक उघडला नाही, तर कुठंतरी पाइपाचा जोड निसटतो. हे त्याला पक्कं ठाऊक. मॅडमनं पुठ्ठ्याचं तसंच घड्याळ करून दिलं, हिरवा, पिवळा, तांबडा. तो तळहात जोरात घासू लागला की सूनबाई काटा पिवळ्यावर नेई आणि म्हणे, "दाब वाढला." मग त्यानं धान्याच्या खोलीत जाऊन दोन जड गोधड्या पांघरून पडायचं. तोच आमचा बायपास.

गोधडीचं मला हसू आलं होतं. तेव्हा मॅडमनं टेम्पल ग्रँडिन या अमेरिकन बाईबद्दल सांगितलं. त्या स्वतः स्वमग्न. शाळेत असताना मावशीच्या गुरांच्या वाडीवर त्यांनी पाहिलं, की लस टोचायच्या खोड्यात दोन्हीकडून दाब बसला की काही जनावरं शांत होतात. त्यांनी स्वतःसाठी तसा खोडा बनवला. पुढे त्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या. दवाखान्याचा खोडा मी जन्मभर पाहिला होता. मग गोधडीला हसलो नाही.

नातवानं स्वतःच्या हातानं काटा फिरवायला आठ महिने लागले. अजूनही कधी कधी तांबड्यावर जातो, परवाच मनगट चावलं. पण आधी आठवड्यातून तीन-चारदा होई, आता महिन्यातून एखादवेळ.

२०२४ च्या हंगामात सोयाबीन विकून आलो. हमीभाव ४,८९२ रुपये, आणि हातात चार हजारांच्या आसपासच भाव पडला. घरी येऊन सूनबाईवर विनाकारण ओरडलो. नातू कान दाबून उठला. मला वाटलं, झालं आता. त्यानं भिंतीवरचं घड्याळ काढलं, काटा तांबड्यावर नेला आणि माझ्यासमोर धरला.

"आबाजी. दाब."

मी उठलो आणि धान्याच्या खोलीत जाऊन बसलो. थोड्या वेळानं तो गोधडी घेऊन आला.