गीताखालचे नाव

बीड जिल्ह्यात आम्ही ख्रिस्ती कुटुंबे थोडी आणि विखुरलेली. पण नाताळ जवळ आला की कोणाच्या ना कोणाच्या वहीत नवे गीत उतरतेच. ते गायनवृंदाच्या तोंडी बसते, शेजारच्या गावी जाते आणि दोन-चार वर्षांत त्याच्याखालचे नाव गळून पडते. आम्ही रचलेले एक गीत एका छापील पुस्तिकेत आम्हांला असेच भेटले. शब्द आमचे, दोन कडवी गाळलेली आणि खाली छापलेले : ‘पारंपरिक’. गीत गायिले जाते याचा आनंद होताच. तरी हयातीतच आपली गणना परंपरेत झालेली पाहून मन चरकले.

‘प्रभूच्या स्तुतीसाठी लिहिले, मग नाव कशाला?’ असे काही सज्जन विचारतात. आमच्या संतकवींनीही भक्तीसाठीच लिहिले. परंतु अभंगाच्या शेवटी त्यांनी नाममुद्रा घातली. या शब्दांचे उत्तरदायित्व आपले आहे, याची ती साक्ष होती.

नाममुद्रेचे ते काम आज कायदा करतो. १९५७ चा कॉपीराइट कायदा २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आहे. त्याचे मर्म सोपे आहे. नुसती कल्पना कोणाचीच मिरास नव्हे. बेथलेहेमच्या ताऱ्यावर शंभर जणांनी खुशाल गीते रचावीत. मात्र ती कल्पना स्वतःच्या शब्दांत कागदावर उतरली की त्या शब्दांवरचा हक्क त्याच क्षणी रचणाऱ्याचा होतो. नोंदणी पुराव्याला उपयोगी पडते. पण ती सक्तीची नाही. हा हक्क कवीच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. साने गुरुजी १९५० मध्ये वारले. म्हणून २०११ च्या आरंभापासून ‘श्यामची आई’ कोणालाही छापता येते. हक्क दुसऱ्याला द्यायचा, तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची धरली जाते. शिवाय कलम ५७ प्रमाणे, हक्क विकल्यानंतरही रचना आपली असल्याचे सांगण्याचा आणि आपल्या लौकिकाला बाध आणणारी तिची मोडतोड रोखण्याचा अधिकार कवीपाशीच राहतो.

हा कायदा उपासनेच्या आड येत नाही. धर्मविधीत गीत गाण्यास परवानगी लागत नाही. तेच गीत पुस्तिकेत छापणे किंवा ध्वनिमुद्रित करून वाटणे मात्र निराळे. तेथे विचारावे लागते. फुकट वाटले, एवढ्याने सुटका होत नाही.

कायदा कोठे थांबतो, तेही आमच्या जिल्ह्यात दिसते. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. त्यांत माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी गायिलेल्या ओव्या १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झाल्या. आईकडून लेकीकडे आलेल्या ओवीचा पहिला कर्ता कोण, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून कायद्यालाही तिचा धनी सापडत नाही. तरीसुद्धा या संग्रहाने ओवीजवळ गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदवून ठेवले. तसे करा म्हणून तेव्हा कोणत्याही कलमाने बजावलेले नव्हते.

जेथे कायदा मुका होता तेथे इतके झाले; मग जेथे तो स्पष्ट बोलतो तेथे आम्ही का कचरावे? सातवी आज्ञा शेजाऱ्याच्या वस्तूंपुरतीच आहे, असे आम्हांला वाटत नाही. गीतकाराला मानधन देण्याची लहान धर्मग्रामांची ऐपत नसेल; नाव द्यायला पैसे पडत नाहीत. पुढची गीतपुस्तिका छापखान्यात जाण्यापूर्वी प्रत्येक गीताचा कर्ता शोधावा. तो हयात असेल तर त्याची, नसेल तर त्याच्या वारसांची संमती दोन ओळींत लिहून घ्यावी आणि गीताखाली त्याचे नाव व वर्ष घालावे.