स्वभावाचा फासा

पेंड्रॅगन खेळवायचा तर आधी पेच मांडायला शिकावं लागतं. लढाया मागाहून जमतात. राजा आर्थरच्या दंतकथांवरचा हा टेबलटॉप रोलप्लेइंग गेम ग्रेग स्टॅफर्ड यांनी रचला आणि केऑसियमने १९८५ साली काढला. कागद, पेन्सिल, वीस आणि सहा बाजूंचे फासे आणि टेबलाभोवती चार-पाच माणसं एवढ्यावर तो चालतो. प्रत्येक खेळाडूचा एक नाइट. बाकीचं सगळं जग, म्हणजे राजे, वैरी, गावकरी, गेम मास्टरच्या हाती. मुलुंडला माझ्या घरी शनिवारी जमणाऱ्या मंडळींसाठी ते जग मी सांभाळतो.

या खेळात स्वभावालाही आकडे असतात. दयाळू आणि क्रूर, विनम्र आणि गर्विष्ठ, शूर आणि भित्रा अशा तेरा जोड्या. प्रत्येक जोडीची बेरीज वीस, म्हणजे दया वाढली की क्रौर्य तेवढंच घटतं. एखादा गुण सोळा किंवा त्याहून वर गेला की त्या गुणासाठी नाइटची ख्याती होते, आणि मग ऐन प्रसंगी मी त्या गुणावर फासा टाकायला लावू शकतो. शिवाय निष्ठा, कुटुंबप्रेम, आतिथ्य, वैर या भावना वेगळ्या. माणूस आपल्या स्वभावाचा पुरता मालक नसतो, हे इतक्या साध्या गणितातून सांगणारा दुसरा खेळ मला माहीत नाही.

पेच दोन चांगल्या गोष्टींमध्ये लागला पाहिजे. समजा, नाइटच्या बापाला मारणारा सॅक्सन योद्धा ओळख लपवून त्याच्या वाड्यावर आला, जेवला, आणि मग ओळखला गेला. आता वैर म्हणतं तलवार उपस. आतिथ्य म्हणतं, याने तुझं अन्न खाल्लंय. इथे गेम मास्टरने गप्प बसायचं. कुठलं बरोबर, हे चेहऱ्यावरही दिसू द्यायचं नाही. खेळाडूला विचार करायला वेळ द्यायचा आणि फासा जे म्हणेल त्याचे परिणाम प्रामाणिकपणे पुढच्या वर्षांत आणायचे.

मराठी खेळाडूला हे समजावताना मी मॅलरीने लिहिलेल्या आर्थरकथांऐवजी तानाजीपासून सुरुवात करतो. लोककथेतला तानाजी रायबाचं लग्न मागे ठेवून कोंढाण्यावर जातो. कागदावर मांडलं तर कुटुंबप्रेम एकीकडे, राजनिष्ठा दुसरीकडे, दोन्ही आकडे मोठे. एवढं सांगितलं की नियमांचं निम्मं पुस्तक उमगतं.

हा खेळ उपनगरांच्या आयुष्यातही छान बसतो. अंधेरीकर मेट्रोने घाटकोपरला येऊन पुढे स्लो लोकल पकडतात, बोरिवलीकर लिंक रोडच्या ट्रॅफिकमधून येतात, शेवटची गाडी गाठायची असते, कुणाची शिफ्ट बदलते. साधारणपणे एका बैठकीत कथेतलं एक वर्ष पुरं होतं. जो आला नाही, त्याचा नाइट त्या साली जहागिरीवर पहारा देत होता, असं धरायचं. वर्षाच्या शेवटी हिवाळा. नाइट घरी परततात. पिकाचा हिशेब, घोडे जगले का, लग्न, मुलंबाळं, सगळं फाशांवर. आपल्याकडे मोहिमा दसऱ्याला निघायच्या आणि पावसाच्या तोंडावर थांबायच्या, त्यामुळे ही सक्तीची विश्रांती आमच्या मंडळींना लगेच ओळखीची वाटते.

पस्तिशीनंतर म्हातारपणाचेही फासे पडू लागतात. स्टॅफर्ड यांची मोठी मोहीम, म्हणजे अनेक बैठकींची सलग कथा, इसवी सन ४८५ ते ५६६ अशी चालते. एकाच नाइटच्या हयातीत ती मावत नाही. मुलगा पुढे येतो, मग नातू. म्हणून पुढच्या बैठकीची तयारी करताना मी आधी बापाचा कागद उघडतो. त्याने कुणाला जीवदान दिलं, कुणाचा शब्द मोडला, कुणाचं देणं राहिलं, हे त्यात असतं. सोडलेल्या सॅक्सनचा मुलगा आता वयात आलेला असतो.

नवीन गेम मास्टरला माझं सांगणं एवढंच: खलनायक रंगवण्यात रात्री घालवू नका. खेळाडूंनी आधी घेतलेले निर्णय नीट लिहून ठेवा आणि त्यांचा मान राखा. पुढची गोष्ट त्यातूनच निघते, आणि ती तुमच्या एकट्याच्या कल्पनेपेक्षा नेहमीच मोठी असते.