सातबाऱ्यावर नसलेलं नाव

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात आमची कोरडवाहू जमीन. सातबारा वडिलांच्या नावावर, पण त्या जमिनीला केव्हा काय हवं ते कळायचं मामांना. मामा आमचे सालगडी. दर पाडव्याला त्यांचं साल ठरायचं: अमुक पोती ज्वारी, अमुक रुपये, एक धोतरजोडी. त्या हिशेबात त्यांचे हातपाय धरलेले असत. डोकं आम्हाला फुकटच मिळालं.

आमच्याकडे वर्षाचा पाऊस पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरचा. म्हणून खरिपात रान मोकळं ठेवायचं, पाणी मुरवायचं आणि हस्ताच्या सुमाराला मालदांडी पेरायची. पुढे ज्वारी उभी राहते ती मातीच्या पोटातल्या ओलीवर. मामा पावसाळ्याच्या सुरुवातीलाच कुळवून सारे पाडत, चारी बाजूंनी वरंबे घातलेले लहान लहान चौकोन. सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्राची शिफारसही हीच आहे. मामांनी ते केंद्र कधी पाहिलं नव्हतं.

पीक गुडघ्याला लागेपर्यंत कोळपं थांबत नसे. तण दिसत नाही तर मजुरी कशाला वाया घालवायची, असं वडील म्हणत. मामा वाद न घालता बैल जुंपत. काळी माती भेगाळली की भेगेतून खालची ओल उडून जाते. कोळप्याने वरचा थर भुसभुशीत झाला की भेगा बुजतात. 'एक कोळपणी, अर्धं पाणी' हे आमच्या भागात पोरंसोरंही बोलून दाखवतात, पण भर दुपारी त्यासाठी रानात उतरणारे थोडेच.

नक्षत्रांवर मामांची श्रद्धा बेताची होती, आणि आज मला तेच सगळ्यांत मोलाचं वाटतं. हस्त लागला की वडील पाभर बाहेर काढायला सांगत. मामा आधी वीतभर उकरून माती मुठीत दाबून बघत. ज्वारी फार लवकर पेरली तर खोडमाशी पोंगे मारते, उशीर झाला तर ओल हुकते. मधला दिवस मामा त्या मुठीत धरत. तरीही सगळं रान एका दमात पेरत नसत. कडेने करडई, एका तुकड्यात हरभरा, आणि मळणीआधी निवडलेल्या टपोऱ्या कणसांचं बियाणं दुबार पेरणीसाठी राखून.

आता हस्ताचा भरवसा उरला नाही. हवामान खात्याने 2020 साली मोसमी पावसाच्या परतीची तारीखच पुढे नेली: वायव्य भारतातून तो 1 नव्हे, 17 सप्टेंबरपासून माघारी फिरतो असं धरलं. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या मध्याला सोलापूर जिल्ह्यात पाऊस असा कोसळला की पेरलेली रानं खरवडून निघाली. आमचं पेरलेलं गेलं. राखून ठेवलेल्या तुकड्यात मागाहून हरभरा टाकला, तोच त्या वर्षी घरात आला. मामा तेव्हा थकले होते, रीत त्यांचीच.

पावसाच्या या लहरीवर उपाय म्हणून काही जण बोअरचं पाणी उपसून प्लॅस्टिकच्या शेततळ्यात भरतात. बरंचसं उन्हाने उडतं आणि शेजाऱ्याची विहीर कोरडी पडते. याला हवामानाशी जुळवून घेणं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मामांच्या साऱ्यांनी कुणाच्या विहिरीत हात घातला नव्हता.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. गावात पेढे वाटले गेले. कणसं निवडत पिढ्या घालवलेल्या सालगड्यांची त्या दिवशी कुणाला आठवण झाल्याचं मी ऐकलं नाही.

वडील गेल्यावर रान मामांच्या नातवाकडे बटईने दिलं, निम्म्या वाट्याने. मी मामांना म्हटलं, तोंडी नको, लेखी करू. तुमच्या-माझ्या माघारी पोराला कुणी उठवायला नको. मालदांडीचा कडबा पुरुषभर उंच, आणि दुष्काळी वर्षात धान्यापेक्षा त्यालाच जास्त गिऱ्हाईक, हे मी विसरलो तरी ते कसे विसरतील?

"कागुद कर की," मामा म्हणाले. "पन कडबा कुनाचा, त्ये आधी बोल."