नमुना सही

बँकेतल्या एकतीस वर्षांच्या नोकरीत माझा बराचसा वेळ दुसऱ्यांच्या सह्या पाहण्यात गेला. समोर चेक, शेजारी नमुना सहीचे कार्ड. जुळली तर पास, नाहीतर शेरा मारून परत. आमची शाखा बडोद्याची, खातेदारांत पेन्शनर पुष्कळ. पंचाहत्तरी उलटली की त्यांच्या सह्या उजवीकडे घसरू लागत, अक्षरांचे सांधे सुटत. मग त्यांना खुर्ची द्यायची, चहा मागवायचा आणि नवे कार्ड भरून घ्यायचे.

निवृत्तीनंतर मी संशोधकांच्या सह्यांचे कागद जमवू लागलो. पहिला कागद आला तोही चेकच. ऑरव्हिल राइट यांनी ओहायोतल्या डेटन गावी एका किरकोळ बिलापोटी लिहिलेला, १९३०च्या दशकातला. मधोमध बारीक भोकांची नक्षी पाडून रद्द केलेला. नशिबाने एकही भोक सहीवर आलेले नाही. आले असते तर किंमत उतरली असती आणि माझ्या आवाक्यात आणखी सहज बसली असती. तरी दीड महिन्याचे पेन्शन गेलेच. "वटलेला चेक विकत घेणारा बँकवाला मी पहिल्यांदाच पाहतेय," असे पत्नी म्हणाली.

असे चेक बाजारात येतात कसे, याचे उत्तर मला व्यवसायामुळे चटकन सापडले. अमेरिकेत त्या काळी वटलेले चेक महिन्याच्या हिशेबाबरोबर खातेदाराला परत जात. तो ते खोक्यात ठेवी, वारसांना खोकी मिळत, वारसांकडून व्यापाऱ्यांना. आपल्याकडे वटलेला चेक बँकेपाशीच राहतो आणि मुदत संपली की नष्ट होतो. तसे गठ्ठे नष्ट करण्याच्या यादीवर मीही सह्या केल्या आहेत. नियमच तसा आहे. पण आपल्या माणसांच्या सह्या का मिळत नाहीत, याचे निदान एक कारण तिथे आहे.

राइट बंधूंचे बँकखाते एकत्र होते. आमच्या भाषेत 'आयदर ऑर सर्व्हायवर'. ३० मे १९१२ रोजी विल्बर विषमज्वराने गेले, अवघे पंचेचाळीस वर्षांचे. ऑरव्हिल त्यानंतर जवळपास छत्तीस वर्षे जगले, १९४८पर्यंत, आणि चेक लिहीत राहिले. म्हणून ऑरव्हिल यांची सही माझ्यासारख्याला मिळते, विल्बर यांची मिळत नाही. विमानाच्या शोधात कोणाचा वाटा किती, याच्याशी बाजारभावाचा काही संबंध नाही. कोण किती दिवस बिले भरत राहिला, एवढेच तो पाहतो. मला हा हिशेब क्रूर वाटतो, आणि खराही.

सरकारी दप्तरातले कागद विकत मिळत नाहीत, मिळूही नयेत. पण सुरक्षित म्हणावे तर राइट बंधूंच्या १९०६च्या पेटंटची मूळ फाइल अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून कित्येक वर्षे बेपत्ता होती. २०१६ साली ती कॅन्सासमधल्या चुनखडीच्या खाणीतल्या कोठारात भलत्याच खोक्यात सापडली. चोरी झाल्याचा संशय होता. निघाली नेहमीची कारकुनी.

एडिसन यांची सही मी वर्षभर नुसती पाहत होतो. 'टी'ची आडवी रेघ सबंध नावावर छत्रीसारखी धरलेली. तरुणपणी ते तारमास्तर होते. तारेवरून येणारा मजकूर पटापट उतरवून घेताना त्यांचे सुटे, स्वच्छ वळण बसले. १०९३ अमेरिकी पेटंटे नावावर असलेल्या माणसाचा पत्रव्यवहार केवढा असेल! साहजिकच कित्येक सह्या मदतनिसांच्या हातच्या आहेत. अशा वेळी मी छत्रीकडे पाहत नाही, कारण नक्कल करणारा सगळी मेहनत तिथेच घेतो. मी रेघेचा वेग पाहतो. स्वतःचे नाव लिहिताना माणूस विचार करत नाही. दुसऱ्याचे लिहिताना शाई जागोजागी थबकते. भिंगाखाली त्या थांब्यांचे ठिपके दिसतात. तीन कागद नाकारून चौथा घेतला.

खरा शोध मात्र शंकर आबाजी भिसे यांच्या सहीचा आहे. जन्म मुंबईचा, १८६७चा. मृत्यू न्यूयॉर्कला, १९३५ साली. छपाईचे टाइप ओतण्याचे यंत्र त्यांनी केले. दादाभाई नौरोजींनी पाठबळ दिले, सर रतन टाटांनी पैसा लावला. वर्तमानपत्रांनी त्यांना 'भारताचा एडिसन' म्हटले. हे विशेषण मला आवडत नाही, पण त्याच्यामुळेच त्यांचे नाव थोडेफार टिकले. त्यांची पेटंटे छापील वाचायला मिळतात. शाईतली सही मात्र आठ वर्षांत माझ्यासमोर आलेली नाही. मुंबई-पुण्याच्या रद्दीवाल्यांना सांगून ठेवले आहे, न्यू जर्सीतल्या पुतण्यालाही. त्यांच्या नावाचे पाकीट करून ठेवले आहे. आत कोरा आम्लविरहित कागद.

गेल्या वर्षी मला कंपवाताचे निदान झाले. अक्षर बारीक होत जाते, ओळीच्या शेवटी तर मुंगीएवढे. ही त्या आजाराची ठरलेली खूण आहे असे डॉक्टरांनी सांगितले. शाखेतल्या नव्या मुलीने मला खुर्ची दिली, चहा विचारला आणि कार्ड पुढे केले. सही तीनदा करावी लागली.

तेव्हापासून प्रत्येक कागदासोबत एक चिठ्ठी लिहितो आहे: कोणाकडून, कधी, कितीला, अस्सल मानण्याची कारणे काय. खाली माझी सही, कारण पुढे विकायचे झाले तर कागद कुठून आला हे व्यापारी विचारणारच. मुलगी म्हणते, "बाबा, सांगा, मी टाइप करते." मजकूर तिला टाइप करू देतो. सकाळची गोळी घेतल्यावर तासभर हात बरा चालतो. सह्या तेव्हा करतो, दिवसाला एक. सव्वीस कागदांपैकी सतरांच्या झाल्या. नव्या कार्डाची एक प्रत मी शाखेतून मागून घेतली आहे. ती चिठ्ठ्यांबरोबरच ठेवतो, म्हणजे सह्या जुळवून पाहता येतील.

परवा भिसे यांचे पाकीट हातात घेऊन मुलीने विचारले, "यात तर काहीच नाही, हे यादीत धरायचं का?" धर म्हटले. क्रमांक सत्तावीस.